पाऊलवाटेचे ऋण



पुण्यातील कोणत्याही टेकडीवर रविवारी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास गेले, की एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गेली तीस-चाळीस वर्षे नेमाने टेकडी चढणारे एक वयोवृद्ध गृहस्थ हातात काठी घेऊन उतारावरची अरुंद पाऊलवाट सावकाश उतरत असतात. एवढ्यात पाठीमागून खडखडाट ऐकू येतो. डोक्यावर हेल्मेट चढवलेला चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा जाड टायरच्या सायकलीवरून सुसाट खाली येतो. "आजोबा, बाजूला, बाजूला!" अशी आरोळी आणि पुढच्याच क्षणी धुळीचा लोट. आजोबा गवतात पाय ठेवून कसाबसा तोल सावरतात. "अरे बाळा, ही वाट चालायची आहे, शर्यतीची नाही!" हे त्यांचे वाक्य मुलाच्या कानांपर्यंत पोहोचतही नाही. घरी गेल्यावर आजोबा टेकडीवर सायकलींना बंदी घालावी, असे पत्र वर्तमानपत्राला लिहावयास बसतात, आणि तो मुलगा मित्रांना सांगतो, "टेकडी काय त्यांच्या एकट्यांची आहे का?"

या दोघांपैकी कोणीही दुष्ट नाही. आजोबांच्या पिढीने त्या टेकडीवर रोपे लावली, उन्हाळ्यात डबे वाहून त्यांना पाणी घातले. मुलगाही काही कमी कौतुकास पात्र नाही. सुटीच्या दिवशी पहाटे उठून, मोबाईल बाजूला ठेवून, घाम गाळीत त्याने ती टेकडी चढलेली असते. मग संघर्ष कशाचा? दोघांनीही एकच प्रश्न विचारलेला असतो, 'वाट कोणाची?' आणि दोघांचीही उत्तरे निरनिराळी असतात. डोंगरवाटांवर सायकल चालवण्याचा छंद आपल्याकडे आता रुजू लागला आहे. तो वाढणार, यातही शंका नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भांडण वाढण्यापूर्वी शोधले पाहिजे. सुदैवाने ते शोधण्यासाठी अंधारात चाचपडण्याचे कारण नाही. जिथे या खेळाचा जन्म झाला, तिथे हेच भांडण चाळीस वर्षांपूर्वी झाले आणि त्याचे परिणामही जगाने पाहिले.

एका डोंगरावर जन्मलेला खेळ

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे. तेथे माउंट टॅमलपायस नावाचा एक डोंगर आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७८४ मीटर, म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून जेवढा उंच आहे, साधारण तेवढीच. या डोंगरावरील जलाशयांतून पायथ्याच्या गावांना पिण्याचे पाणी मिळते. वणवा लागला तर बंब वर नेता यावेत, म्हणून डोंगरावर कच्चे रस्ते काढलेले आहेत आणि त्यांच्या जोडीला पायी चालणाऱ्यांच्या असंख्य अरुंद वाटा आहेत.

१९७० च्या दशकात या परिसरातील काही तरुणांना एक वेड लागले. ते एरवी रस्त्यावरच्या शर्यतीत भाग घेणारे सायकलपटू होते. परंतु मौजेसाठी त्यांनी भंगारातून आणि अडगळीतून १९३० व १९४० च्या दशकातील जुन्या, फुग्यासारख्या जाड टायरच्या सायकली शोधून काढल्या. या सायकली वजनाने अवजड होत्या, त्यांना गिअर नव्हते आणि ब्रेक पॅडल उलटे फिरवल्यावर मागच्या चाकाच्या हबमध्ये लागत असे. असल्या सायकली डोंगरावर ढकलत न्यायच्या आणि कच्च्या रस्त्याने खाली सोडायच्या, असा हा खेळ होता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या अंतरात हा रस्ता जवळजवळ ४०० मीटर खाली उतरतो. उतरताना हब इतका तापत असे, की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे. पायथ्याशी पोहोचल्यावर हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या शर्यतीचे इंग्रजी नाव 'रीपॅक' असे पडले. त्या काळची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, ती वेंडी क्रॅग या महिलेमुळे. त्या स्वतःही या उतारावरून सायकल हाकत असत. हा खेळ केवळ मुलांचा आहे, असे मानणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

या शर्यतींतून गरज कळली आणि गरजेतून निर्मिती झाली. जो ब्रीझ या तरुणाने १९७७ साली डोंगरासाठीच म्हणून मुळापासून नवी सायकल बांधली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली टॉम रिची याने बनवलेल्या सांगाड्यांवर सायकली जोडून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याचे नाव 'माउंटनबाइक्स'. पुढे तेच नाव साऱ्या प्रकाराला पडले. १९८१ साली 'स्पेशलाइज्ड' या कंपनीने जपानमध्ये तयार करवून घेतलेली 'स्टम्पजम्पर' ही सायकल बाजारात आणली आणि मूठभर मित्रांचा खेळ कारखान्यात जाऊन पोहोचला. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिम्पिकमध्ये या खेळाची पदके दिली गेली. मित्रांच्या पैजेपासून ऑलिम्पिकपर्यंतचा प्रवास अवघ्या वीस वर्षांत पूर्ण झाला.

आपल्याकडेही त्याचे पडसाद उमटले. जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली दुकानांत आल्या आणि मुलांनी त्या सर्वांना सरसकट 'रेंजर' म्हणावयास प्रारंभ केला. २००५ पासून हिमाचल प्रदेशात डोंगरी सायकलींच्या दीर्घ शर्यती होऊ लागल्या. ज्या पुण्याची 'सायकलींचे शहर' अशी ख्याती होती, जिथे प्राध्यापक, कारकून, कामगार, विद्यार्थिनी असे सारेच सायकलीवरून जात-येत, त्या शहरात रस्त्यावरून मोटारींनी हुसकावलेली सायकल अशा प्रकारे टेकडीवर परत आली.

बंदीचे फलक

या यशोगाथेची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. माउंट टॅमलपायस हा काही निर्मनुष्य डोंगर नव्हता. तेथे पायी भटकंती करणाऱ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. 'डिप्सी' नावाची डोंगर ओलांडून समुद्राकडे जाणारी धावण्याची शर्यत तेथे १९०५ सालापासून होते. १९१२ साली तेथील पदभ्रमण करणाऱ्यांनी डोंगराच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. तिचे सदस्य सुटीच्या दिवशी अवजारे घेऊन डोंगरावर जात, वाटा दुरुस्त करीत, कचरा उचलीत. डोंगराचे रक्षक हेच बिरुद त्या संस्थेने मिरवले. म्हणजे ज्या वाटांवरून तरुणांच्या सायकली धावू लागल्या, त्या वाटांमागे सहा-सात दशकांचे श्रमदान होते.

सायकली जेव्हा दहा-वीस होत्या, तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. कारखान्यातून त्या हजारोंच्या संख्येने येऊ लागल्यावर चित्र पालटले. वळणावर अचानक समोर येणारी सायकल, बिथरणारे घोडे, भयभीत वृद्ध, मागचे चाक घसरत नेऊन उकरलेली माती यांच्या तक्रारी वाढल्या. आणि मग १९८० च्या दशकात व्यवस्थापनाने कठोर भूमिका घेतली. जलाशयांच्या त्या परिसरात अरुंद पाऊलवाटा सायकलींना निषिद्ध ठरल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर त्यांना मुभा राहिली, पण ताशी १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या मर्यादेत; आणि आंधळ्या वळणावर अथवा कोणाला ओलांडताना ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. वेग मोजण्याचे रडार हातात घेऊन वनरक्षक डोंगरावर उभे राहू लागले. १९८४ साली अमेरिकेच्या वनखात्याने संरक्षित अरण्यक्षेत्रांत सायकलींना स्पष्ट शब्दांत मनाई केली. ज्या डोंगरावर हा खेळ जन्मला, त्याच डोंगरावरच्या उत्तमोत्तम वाटा त्याच खेळाला दशकानुदशके बंद राहिल्या.

यात पदभ्रमण करणाऱ्यांचा काही दोष नव्हताच, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. नव्याला विरोध करण्याची सवय सर्वत्र असते. १९९४ साली मोन्टाना राज्यातील डोंगरवाटांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घोडा, माणूस, मोटारसायकल आणि साधी सायकल यांच्यामुळे वाटेची माती किती सुटी होते, याची त्यात तुलना केली होती. सर्वाधिक माती घोड्यांच्या टापांनी सुटत होती; सायकलीचे चाक माणसाच्या पावलांहून अधिक नुकसान करते, असे काही आढळले नाही. तेव्हा सायकल म्हणजे डोंगराचा शत्रू, हा समज शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. परंतु हा अहवाल येईपर्यंत दहा वर्षे उलटून गेली होती आणि बंदीचे फलक लागलेले होते. लोकांचे मत अहवालांनी बनत नाही. वाटेवर भेटलेला पहिला सायकलस्वार कसा वागला, यावर ते बनते. मरिनमधील तरुणांनी खेळ निर्माण केला, सायकल निर्माण केली, बाजारपेठही निर्माण केली. ज्यांनी वाट घडवली, त्यांच्याशी नाते निर्माण करणे मात्र त्यांना सुचले नाही. ऋण फेडण्याआधीच त्यांनी हक्क मागितला.

कुदळ हाती घेतली तेव्हा

ठेच लागल्यानंतरचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. १९८८ साली कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. पुढे ती 'इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन' म्हणून सर्वदूर परिचित झाली. वाटा बंद होण्याच्या संकटातून तिचा जन्म झाला. तिने आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता तयार केली. परवानगी असलेल्याच वाटेवर जावे, वाटेवर आपली खूण मागे ठेवू नये, सायकल सदैव ताब्यात असावी, पायी चालणाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, प्राण्यांना बिचकवू नये आणि निघण्यापूर्वी पूर्ण तयारी करावी, असा तिचा आशय. उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे, हाही शिष्टाचार त्यातलाच. नियम साधे आहेत. पण ते सरकारने लादलेले नसून खेळाडूंनी स्वतःवर घालून घेतलेले आहेत, हे त्यांचे वैशिष्ट्य.

दुसरे काम याहून मोठे. सायकलस्वारांनी कुदळ-फावडी हाती घेतली. वाटा कशा बांधाव्यात, याचे त्यांनी रीतसर शास्त्र तयार केले आणि गावोगावी जाऊन ते शिकवले. सुटीचा एक दिवस सायकल चालवण्यासाठी आणि एक दिवस वाट दुरुस्त करण्यासाठी, असा प्रघात कित्येक ठिकाणी पडला. जिथे हे घडले तिथे वनाधिकाऱ्यांची भाषा बदलली. काल ज्यांना दंड करावा लागत होता, त्यांच्याबरोबर आज ते नकाशा पसरून बसू लागले. २००१ साली उत्तर कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांसाठी या खेळाच्या शर्यती सुरू झाल्या. पुढे त्यांचे लोण इतर राज्यांत पसरले. तेथेही मुलांना शर्यतीबरोबर वाटेची निगा राखण्याचा संस्कार दिला जातो.

वाटेचा खरा शत्रू

वाट बांधण्याचे हे शास्त्र आहे तरी काय? त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. वाटेचा खरा शत्रू वाहते पाणी आहे. सरळ उताराच्या दिशेने खाली उतरणारी वाट पाऊस पडताच ओहोळ बनते. पाणी वेग घेते, माती नेते, दगड उघडे पाडते. मग चालणारे व सायकलस्वार खडकाळ भाग चुकवण्यासाठी कडेने जाऊ लागतात. वाट रुंदावते, गवत मरते, आणखी माती उघडी पडते. चार पावसाळ्यांत पाऊलवाटेची घळ होते.

म्हणून वाट डोंगराच्या कुशीला आडवी, वळसे घेत न्यावी, हा पहिला नियम. वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, हा दुसरा. उदाहरणार्थ, डोंगरउतार शंभर फुटांमागे वीस फूट असेल, तर वाटेचा चढ शंभर फुटांमागे दहा फुटांच्या आत ठेवावा. वाटेची बाहेरची, म्हणजे दरीकडची कड किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता तिला आडवे ओलांडून निघून जाते. आणि ठराविक अंतराने वाटेला एक लहानसा उलटा चढ द्यावा, म्हणजे साचत आलेले पाणी तिथेच बाहेर पडते. सायकलस्वाराला असा उंचवटा आला की मौज वाटते आणि वाटही वाचते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते, असे कोणी समजू नये. कोकणातून देशावर माल वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांसाठी सह्याद्रीत जे घाटमार्ग होते, ते डोंगराच्या अंगाने वळसे घेत चढतात. लादलेला बैल सरळ चढणीवर टिकत नाही, हे अनुभवाने शिकवले होते. मरिनच्या तरुणांना जे ठेच खाऊन उमगले, ते आपल्या वाटाड्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

सह्याद्रीची माती

आता आपल्या मातीकडे वळू. दख्खनच्या टेकड्या लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या खडकाच्या आहेत. त्यांवर मुरूम आणि त्या मुरमावर मातीचा अगदी पातळ थर. वर्षातले आठ महिने ही जमीन कोरडी, टणक, सायकलीला उत्तम. परंतु पावसाळ्याचे चार महिने तिचे रूप वेगळे असते. भिजलेल्या मातीत टायर रुततो, मागे खोल चरा पडतो आणि पुढच्या सरीचे पाणी त्याच चऱ्यातून धावते. म्हणून चाकाला माती चिकटू लागली किंवा मागे वळून पाहिल्यावर चरा दिसला, की सायकलवरून उतरून परत फिरावे. पावसाळ्यात डांबरी घाटरस्ते आहेतच. पातळ मातीचे मोल जाणून घ्यायचे असेल, तर साताऱ्याजवळच्या कास पठाराचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तेथे जांभ्या खडकावरच्या बोट-दोन बोटे मातीत पावसाळ्यानंतर फुलांचे गालिचे उमलतात. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली या पठाराला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. असल्या सड्यांवर सायकल नेणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून जाणे होय.

उन्हाळ्यातही सावध राहावे लागते. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या माळावर खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो. वाट सोडून माळावर आडवेतिडवे चाक फिरवले, तर काय चिरडले गेले, हे स्वाराला कळतही नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली, तर तिच्या आक्रोशाचा अर्थ ओळखून मागे फिरावे.

कायद्याचे भानही हवे. राखीव वनात विनापरवाना शिरणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. अभयारण्यात जाण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अनुमती लागते. वाट दिसते म्हणून ती मोकळी आहे, असे होत नाही. गडकोटांच्या बाबतीत तर अधिकच विवेक बाळगावा लागेल. २०२५ साली रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी आदी बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. गडाच्या पायथ्यापर्यंत सायकलीने अवश्य जावे, त्यात व्यायाम आहे, आनंद आहे, इंधनाची बचत आहे. परंतु पायथ्याला सायकल उभी करावी आणि गड पायीच चढावा. ज्या पायऱ्या शतकानुशतके टिकल्या, त्या उड्या मारण्याच्या फळ्या नाहीत.

घराघरांतील प्रश्न

आई-वडिलांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. मुलगा अथवा मुलगी पडली तर? प्रश्न रास्त आहे. पडणे या खेळात अटळ आहे. मात्र जायबंदी होणे बहुतांशी टाळता येते. हेल्मेट, हातमोजे आणि पुढचे-मागचे दोन्ही उत्तम स्थितीतील ब्रेक, एवढ्यावर तडजोड करू नये. बाकी महागड्या सायकलीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. गिअर असलेली साधी डोंगरी सायकल शिकावयास पुरेशी आहे. उतारावर दोन्ही पॅडल समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहावे, शरीराचा भार किंचित मागे न्यावा, कोपरे सैल ठेवावीत, दोन्ही ब्रेक हलक्या बोटांनी एकदम लावावेत. नजर चाकावर न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवावी, कारण नजर जिकडे जाते तिकडेच चाक जाते. मागचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक अडकते, सायकल घसरते आणि वाटही उकरली जाते. म्हणजे स्वाराचे कौशल्य आणि वाटेचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जो चांगला चालवतो, तो वाटेला कमीत कमी त्रास देतो.

जी मुले तासन् तास पडद्यासमोर बसतात, त्यांना या खेळातून काय मिळते? चढावर धीर, उतारावर संयम आणि पंक्चर झाल्यावर स्वावलंबन. बाभळीचा काटा ट्यूबमध्ये घुसला, की घरच्यांना फोन करण्याऐवजी पंप आणि पंक्चरचे साहित्य काढावे लागते. मागे राहिलेल्या सोबत्यासाठी पुढच्याला थांबावे लागते. डोंगरावर पाणी संपते तेव्हा बाटली वाटून घ्यावी लागते. हे शिक्षण वर्गात देता येत नाही.

मग करावयाचे काय? एखाद्या वस्तीतील पाच-सात कुटुंबांना सहज जमेल, एवढेच सांगावयाचे आहे. मुलांनी प्रथम टेकडीवर नियमित चालणाऱ्या मंडळींना भेटावे. कोणत्या वाटा वृद्धांच्या, कोणत्या वेळा गर्दीच्या, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. गर्दीच्या वेळी अरुंद वाटा सोडाव्यात. वन विभागाला रीतसर पत्र देऊन कोणत्या वाटेवर सायकल चालेल, ते विचारावे. सायकलीला घंटी अवश्य लावावी. शहरातील मुलांना ती गावंढळ वाटते, पण डोंगरावर तिच्याइतका सभ्य आवाज दुसरा नाही. आणि महिन्यातून एक रविवार सायकल घरी ठेवून, वन विभागाच्या अनुमतीने, कुदळ, फावडे व घमेले घेऊन वर जावे. पावसाळ्याआधी एखाद्या वाटेवर पाणी बाहेर काढणारे चार उतार काढले, तरी त्या वर्षी ती वाट वाचते.

याचे महत्त्व एका टेकडीपुरते नाही. वेताळ टेकडीवरून प्रस्तावित असलेल्या रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या विरोधात २०२३ साली पुण्यातील नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांत टेकडीवर रोज चालणारे ज्येष्ठ अग्रभागी होते. शहराच्या पोटातील मोकळ्या टेकड्यांवर अनेकांची नजर असते आणि ज्या टेकडीला माणसे नाहीत, तिला वाली नसतो. ज्येष्ठांची पिढी किती वर्षे हा भार वाहणार? त्यांच्यानंतर टेकडीसाठी उभे राहणारे हात कोणाचे असतील? आज ज्या मुलाला टेकडीवरून हाकलले जाईल, तो उद्या तिच्या रक्षणाला येणार नाही. आणि आज जो मुलगा आजोबांना गवतात ढकलून पुढे जाईल, त्याच्या हाकेला उद्या कोणी ओ देणार नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे. टेकडीला तर दोघांचीही आहे.

आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच काही ऋणे घेऊन येतो, असे मानले आहे. पाऊलवाटेचेही तसेच एक ऋण आहे. ज्यांनी ती प्रथम तुडवली, ज्यांनी तिच्या कडेला झाड लावले, त्यांची नावे कोठे लिहिलेली नसतात. त्या ऋणाची जाणीव ठेवून चाक फिरवले, तर 'वाट कोणाची?' हा प्रश्नच उरत नाही. जो तिची निगा राखतो, त्याची ती.

तेव्हा पुन्हा त्या रविवारच्या सकाळी जाऊ. तीच टेकडी, तोच उतार, तेच आजोबा. वळणाअलीकडे घंटी वाजते. मुलगा वेग कमी करतो, एक पाय जमिनीला टेकतो आणि म्हणतो, "आजोबा, आधी तुम्ही या." आजोबा जवळून जाताना क्षणभर थांबतात. काठीने वाटेतला एक सुटा दगड दाखवतात आणि म्हणतात, "पुढे तो दगड निसटलाय बघ, सावकाश जा." मुलगा सायकल आडवी ठेवतो, दगड उचलून वाटेच्या कडेला नीट बसवतो आणि मगच पुढे जातो.

त्या संध्याकाळी बंदीची मागणी करणारे पत्र लिहिले जात नाही.